चापाची पेशवाई

पेशवाई १८१८ साली बुडाली असं शाळेत शिकवतात. ते धडे लिहिणाऱ्यांनी तुळशीच्या लग्नानंतरचं एखादं मंगल कार्यालय पाहिलेलं नसावं. तिथे पेशवाई नुसती जिवंत नाही, तिला पार्किंग मिळत नाही. नवरीच्या मैत्रिणी, करवल्या, मामेबहिणी, ऑफिसातली टीम लीडर, सगळ्या नऊवारीत. नाकात हनुवटीकडे झेपावणारी नथ, कपाळावर चंद्रकोर, मानेवर खोपा, खोप्याला गजऱ्याचे वेढे आणि हातात सेल्फी स्टिक. कुणालाही थांबवून म्हणा, 'छान दिसतेस गं, काय हे?' उत्तर तयार असतं, 'काशीबाई लूक.'

ही काशीबाई म्हणजे चासच्या जोश्यांची लेक आणि पहिल्या बाजीरावांची पत्नी, असं समजू नका. ही २०१५ची. संजय लीला भन्साळींच्या सिनेमात प्रियांका चोप्राने केलेली. तो सिनेमा आला तेव्हा पुण्यात केवढं रान पेटलं होतं! पेशव्यांच्या घरची स्त्री सवतीबरोबर पिंगा घालेल का, असा सवाल होता. पत्रं लिहिली गेली, निषेध झाले, चहाच्या टपरीवर इतिहास संशोधन झालं. वाद शमला आणि निकाल काय लागला? ज्या ज्या घरांतून निषेध झाला असेल त्या त्या घरच्या मेंदीला आता पिंगा असतो. त्यात सासूही असते. पुढच्या ओळीत.

आमच्या नाक्यावरच्या पार्लरात भिंतीवर दरपत्रक आहे. पूर्वी त्यावर आयब्रो, फेशियल, वॅक्सिंग अशी प्रामाणिक नावं असत. आता तिथे इतिहास आहे. काशीबाई, मस्तानी, येसूबाई, रमाबाई, बानू. यातली बानू ही खंडोबाची, म्हणजे दैवतच, पण 'जय मल्हार' मालिकेनंतर तिच्या नावाची नथ बाजारात आली, आणि जिची नथ निघाली तिला दरपत्रकावर जागा, असा नियम असावा. भाचीबरोबर गेले होते, तर मी आपलं सहज विचारलं, "रमाबाई कुठल्या हो? पेशव्यांच्या की रानड्यांच्या?"

पार्लरवाली दातांत आकडे धरून म्हणाली, "काकू, आपल्याकडे रमाबाई एकच. गजऱ्यासकट."

यातल्या एक रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला माधवराव पेशव्यांच्या चितेवर सती गेल्या. दुसऱ्या रमाबाई घरातल्या बायकांची बोलणी खात इंग्रजी शिकल्या, त्यांनी सेवासदन उभं केलं आणि त्या १९२४ पर्यंत जगल्या. मधल्या काळात एक राज्य गेलं, दुसरं आलं, आगगाडी सुरू झाली, मुली शाळेत जाऊ लागल्या. मालिका मात्र दोघींवर आल्या, 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये आणि 'स्वामिनी' २०१९ मध्ये. त्यामुळे पार्लरात या दोघींमधलं अंतर टिकलीवर येऊन ठेपलं आहे. चंद्रकोर लावली की पेशव्यांची, गोल लावली की रानड्यांची. येसूबाईंचं तर विचारूच नका. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या हाती लागल्या आणि सुटून आल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षांची कैद. 'येसूबाई लूक' संगीतच्या कार्यक्रमाला जास्त उठतो, अशी माहिती मिळाली.

भाचीला काशीबाई हवी होती. मी शेजारच्या खुर्चीत बसून सगळा खोपा पायापासून उभा राहताना पाहिला, म्हणून सांगते. मुळात भाचीचे केस खांद्यापर्यंत, त्यातही पैसे मोजून सरळ करून घेतलेले. पहिल्यांदा ते उलटे विंचरले. म्हणजे बारा-तेरा वर्षं आईने जो गुंता रोज सकाळी शिव्या देत सोडवला, तो आता पैसे देऊन घालून घ्यायचा. मग स्प्रे. मग स्पंजाची एक गोल गुंडाळी आली, तिला म्हणतात डोनट. ती टाळूच्या मागे बसवली, भाचीचे होते नव्हते ते केस तिच्यावरून पसरले, कमी पडले तिथे गंगावन जोडलं, वर काळी जाळी ओढली, जाळीत आकडे खुपसले आणि आकडे हलू नयेत म्हणून पुन्हा स्प्रे. यानंतर मुलाम्याचे नग. मधोमध मूद, तिच्यावर राखडी, बाजूला केवडा. शेवटी मोगऱ्याचा गजरा, तोही कापडाचा, कारण खरा गजरा अक्षता पडायच्या आधी मान टाकतो. कापडी गजऱ्याला वास नाही म्हणून त्यावर अत्तराचा फाया. अख्ख्या खोप्यात भाचीचं स्वतःचं असं मूठभर. बाकी सगळा माल कारखान्यातला.

"मावशी, खरा वाटतो ना गं?" भाची आरशातून म्हणाली.

"हात लावून बघू?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

गंगावनाला मात्र नाक मुरडू नका. ते जुनंच आहे. आमच्या आजीच्या फणेरपेटीत तळाशी एक काळी शेपटी गुंडाळून ठेवलेली असायची आणि आम्ही पोरी तिला घाबरायचो. आजी सणावारी ती अंबाड्यात घालायची आणि 'माझे केस ना, गुडघ्यापर्यंत होते' असं सांगायची. ते ऐकताना आजोबा पेपर वर धरायचे.

आता ज्या नायिकेची ही नक्कल, तिच्याकडे बघा. ऐतिहासिक मालिकेतली नायिका केसांना हात लावताना कधी दिसते का? मध्यरात्री हेर धापा टाकत येतो, 'राणीसाहेब, गनीम चालून येतोय', आणि राणीसाहेब पलंगावर उठून बसतात त्या मूद-राखडीसकट. उशीवर दोन आकडे पडलेत, एक बट तोंडात गेलीय, असं काही नाही. जिंजीचा वेढा सात-आठ वर्षं चालला होता. तो मालिकेत दाखवला तर धान्य संपलेलं दिसेल, दारूगोळा संपलेला दिसेल, सैनिकांची दाढी वाढलेली दिसेल. गजरा मात्र सकाळचाच. गडावर रसद कुठून येते याचा गनिमाने इतका शोध घेतला, त्याने नुसता फुलवाल्याचा पाठलाग करायला हवा होता.

आणि ही केशरचना तेव्हा दिसत तरी होती कुणाला? मराठा घराण्यांत डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही साधी रीत. म्हणजे ज्या खोप्याचे आपण आठ बाजूंनी फोटो काढतो तो मूळ मालकिणीच्या नवऱ्याने आणि वेणी घालणाऱ्या दासीने पाहिला असला तर असेल. ब्राह्मण घरांतल्या सुवासिनींचा पदर खांद्यावर असे, त्यामुळे डोकं उघडं, पण त्यावर बघण्यासारखं काय, तर तेल. न्हायचे वार ठरलेले, वार न पाळला तर भावाला अमुक आणि नवऱ्याला तमुक. आनंदीबाई जोशींचा १८८५ मधला फिलाडेल्फियातला फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. जपानची एक, सीरियाची एक आणि आपल्या आनंदीबाई, तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी. आनंदीबाईंचे केस चापूनचोपून डोक्याला चिकटलेले. तो फोटो घेऊन कुणी पार्लरात जाईल तर पार्लरवाली पहिल्यांदा शाम्पू करायला बसवेल. 'आनंदी गोपाळ' सिनेमा २०१९ मध्ये आला, चाललाही उत्तम, सगळ्या बायका डोळे पुसत बाहेर पडल्या, पण दरपत्रकावर आनंदीबाई काही चढल्या नाहीत. त्यांचा लूक करायचा तर खोपा लागत नाही, अ‍ॅनाटॉमी लागते.

त्या काळाचा आणखी एक लूक कुणी मागत नाही. मालिकेत तो कोपऱ्यात असतो, लाल आलवणात, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेला, जपमाळ ओढणारा. आत्याबाई किंवा मामंजींची बहीण. तिची केशरचना न्हावी करत असे, ठरलेल्या दिवशी, मागच्या अंगणात. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. केसांच्या धंद्यातल्या लोकांनी बायकांच्या केसांसाठी केलेली एवढी मोठी गोष्ट, आणि त्यावर अजून मालिका निघालेली नाही. निघाली तरी नथवाल्यांना तिच्यात काही मिळायचं नाही.

लग्नाच्या आधी भाचीला 'रिसर्च' करायचा होता, म्हणून मी तिला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन गेले. दिनकर केळकरांनी जन्मभर लोकांच्या माळ्यावरच्या वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, दौती, पेट्या. कोथरूडहून हलवून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही तिथेच आहे. भाची म्हणे, 'इथे प्री-वेडिंग करता येईल का?' मी तिला पुढे ढकललं. पुढे वज्र्या होत्या. पितळेच्या, खाली खरखरीत, वर हत्ती, मोर नाहीतर बाई, एकेकीला चक्क घुंगरू. पायाच्या टाचा घासायचं साधन, पण केवढी हौस! भाची काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, पेडिक्युअर! यांचे तळवे आपल्यापेक्षा भारी असणार." असणारच. दिसत तेवढंच होतं. साडी पोटरीपर्यंत, पायात बहुधा काही नाही, म्हणून सगळी कला टाचेवर. आपण खोपा घेतला आणि वज्री तिथेच सोडली.

कुंकवाचंही तसंच. आज चंद्रकोर पाकिटातून निघते आणि रात्री आरशावर चिकटते. आजी करंड्यातलं मेण बोटाने कपाळावर लावायची आणि त्यावर पिंजर ठेवायची. हात आणि आरसा एवढ्यावर बिनचूक गोल. घामाने ते ओघळत नसे. काल लग्नात मी दोन काशीबाई पाहिल्या ज्यांच्या चंद्रकोरी जेवणाच्या पंगतीपर्यंत पौर्णिमेकडे सरकल्या होत्या.

मी हे सगळं अशा सुरात सांगतेय की आमच्या काळात अस्सल होतं. कसलं अस्सल! आमच्या वेळी दूरदर्शनवर 'स्वामी' लागायचं. रणजित देसाईंची कादंबरी घरोघर होतीच, त्यात मालिका आली, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. मृणाल तेव्हा आमच्याहून जेमतेम मोठी, शाळा नुकती संपलेली. मग काय, त्या वर्षी गॅदरिंगला प्रत्येक वर्गात रमाबाई. एका तुकडीत तर सहा. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नशिबी राघोबादादांची आनंदीबाई आली. आनंदीबाईचं कुणालाच नको होतं, कारण तिने 'ध'चा 'मा' केला अशी कथा. पण खरं सांगू? त्या नाटकात सगळी वाक्यं तिलाच होती. रमाबाई नुसती नथ सांभाळत पायांकडे बघत उभी. तरीही दुसऱ्या दिवशी शाळेभर तिचीच चर्चा, तिच्या पदराची, तिच्या खोप्याची. बोलणाऱ्या बाईचा लूक कधीच निघत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आईला विचारलं, तुमच्या वेळी कुणाची नक्कल करायचात? ती म्हणाली, "आम्हाला वेळ नव्हता." विषय संपला.

आजीकडे मात्र वेळ होता आणि उत्तरही होतं. आजी सांगलीची. तिला अंबाडा मनासारखा जमला की आरशात मान तिरकी करून म्हणायची, "आज अगदी नारायणरावांसारखा झालाय." मला लहानपणी वाटायचं, नारायणराव म्हणजे कुणी तरी तालेवार बाई असणार. नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, बालगंधर्व. १९११ मध्ये 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांच्या पदराची ढब, अंबाड्यातली फुलं, नथ, शेला घेण्याची पद्धत, हे सगळं महाराष्ट्रातल्या खानदानी घरांतल्या बायकांनी उचललं. बायका नाटकाला जात त्या गाणं ऐकायला आणि परत येत त्या साडीची किनार पाठ करून. म्हणजे आमची आजी, अस्सल मराठी स्त्री, एका पुरुषाकडे पाहून अस्सल मराठी स्त्रीसारखी दिसायला शिकली होती. त्या पुरुषाने ते कुठून उचललं? कुठल्या तरी अस्सल मराठी स्त्रीकडे पाहूनच ना? तिचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

सिनेमातही तेच. दादासाहेब फाळके १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' काढत होते, तारामतीसाठी बाई मिळेना. घरंदाज तयार होईनात, बदनाम होत्या त्याही नाही म्हणाल्या. शेवटी हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. भारतीय सिनेमाची पहिली पौराणिक नायिका म्हणजे पोळ्या लाटून दंड कमावलेला मराठी माणूस. पुढे १९१७ मध्ये 'लंकादहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच, त्यामुळे सीतेच्या विरहाचा प्रश्न निर्मितीच्या दृष्टीने फारच सोपा झाला. फाळक्यांनी त्याआधी रवि वर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलेलं. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्म्या, सरस्वत्या, दमयंत्या घरोघर भिंतीवर लागल्या. पुराणातल्या बाया साडी नेसून, दागिने घालून, केस मोकळे सोडून उभ्या. देव्हाऱ्यातली मूर्ती आणि भिंतीवरचं चित्र यांच्यात भांडण झालं तर आमच्याकडे चित्र जिंकतं.

म्हणून २०११ मध्ये 'बालगंधर्व' सिनेमा आला तेव्हा माझ्या मावसबहिणीने केलं ते मला अजिबात नवल वाटलं नाही. सुबोध भावे नऊवारी नेसून पडद्यावर आले, विक्रम गायकवाडांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मावसबहीण मध्यंतरात म्हणाली, "तो शालू कसला कडक बसलाय! आपल्याला असा बसेल?" बसला नाही. तिला ओचा आवरेना.

ओच्यावरून नऊवारीवर यायलाच हवं. हल्ली नऊवारी शिवून मिळते. दुकानांवर पाट्या असतात, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी. एका पाटीवर मी वाचलं, 'सहावारीतून नऊवारी शिवून मिळेल.' गणिताच्या मास्तरांनी ही पाटी पाहिली तर निवृत्तिवेतन परत करतील. पण शिंप्याने मला समजावलं, "काकू, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यातलं निम्मं आत गुंडाळलेलं. आत गुंडाळलेलं कोण बघतंय?" काष्टा शिवलेला, निऱ्या शिवलेल्या, कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन. पायजम्यासारखी चढवायची, पदर पिन करायचा, की तयार. मापं घेताना त्याने उंची विचारली, कंबर विचारली आणि पेन कानावरून काढत विचारलं, "खिसा कुठल्या बाजूला?"

हा खिसा ऐकून आमच्या मोठ्या वहिनींचा जीव जातो. 'साडी नेसायची असते, घालायची नसते', 'शिवली तर तिला नऊवारी कशाला म्हणायचं, सलवार म्हणा', 'संस्कृती चेन लावून येत नाही', अशी त्यांची वाक्यं तयार असतात. वहिनी स्वतः सहावारीतही कधी येत नाहीत, पंजाबी ड्रेसमध्ये येतात, आणि काठावर बसून हे सांगतात.

माझं मत उलट आहे. शिवलेली नऊवारी हीच या सगळ्या प्रकारातली एकमेव खरी गोष्ट आहे. जुन्या बायकांना नऊवारी कुणी सिनेमासाठी दिली नव्हती. ती नेसून त्या विहिरीत उतरायच्या, चिंचेच्या झाडावर चढायच्या, भात लावायच्या, जात्यावर बसायच्या, आणि मासळीच्या टोपल्या घेऊन अजूनही कोळिणी लोकल पकडतातच. काष्टा ही कामाची सोय. आणि ओचा म्हणजे काय? पुढे खोचलेला फुगीर भाग, त्यात आजीच्या किल्ल्या असायच्या, मिश्रीची डबी, सुटे पैसे, नातवासाठी चुकवून आणलेला पेढा, कधी देवळातली फुलं. आमच्या आजीच्या ओच्यातून काय निघेल याचा नेम नव्हता. मालिकेतल्या नायिकेच्या ओच्यात कधी काही नसतं. तिला किल्ल्या सांभाळायच्या नसतात, तिला तलवार सांभाळायची असते, तीही क्लायमॅक्सला. तेव्हा शिंप्याने मोबाइलसाठी खिसा ठेवला, त्याने ऐतिहासिक चूक सुधारली असं मी म्हणते. भाचीच्या नऊवारीला मी दोन खिसे सांगितले. एकात मोबाइल, दुसऱ्यात सेफ्टी पिना, पॅरासिटामॉल आणि लाच द्यायला चॉकलेटं, कारण करवल्या लहान होत्या.

चेनचं महत्त्व मात्र लग्नाच्या दिवशी दुपारी कळतं. मंगल कार्यालयाच्या बायकांच्या बाथरूमबाहेर रांग असते, त्या रांगेत अस्सल नेसलेली एखादी आणि शिवलेल्या बाकीच्या. बाकीच्या आत जातात, बाहेर येतात. अस्सलवाली आत गेली की रांगेतल्या बायका खाली बसून घेतात. तिच्याबरोबर तिची आई पण आत जाते, आणि नंतर नुसता आवाज येतो, "धर गं ते! तिकडचं टोक धर! अगं ते नव्हे!"

मग जेवण. पेशवाई इथे खरी कोसळते. शंभरातल्या नव्वदजणींचं नाक टोचलेलं नसतं, त्यामुळे सगळ्या नथी चापाच्या. चाप म्हणजे दोन टोकं नाकपुडी धरून बसतात, मोत्यांचं वजन खाली ओढतं, आणि मधलं नाक सोसतं. पानात मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. आता जिलबी तोंडात घालायची तर नथ वर उचलायला हवी. डाव्या हाताच्या करंगळीने नथ उचलायची, उजव्या हाताने घास, मग नथ सोडायची, मग चावायचं. मठ्ठ्याला वाटी तिरपी केली की नथ आत पोहते. जुन्या बायकांना हे सहज जमत असणार, जन्मापासूनची सवय. आमच्याकडच्या काशीबाया दुसऱ्या घासानंतर नथ काढतात आणि पानाच्या कडेला ठेवतात, मिठाशेजारी. परवाच्या लग्नात शेजारच्या पानावरच्या आजोबांना मसालेभातात एक नथ सापडली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली, दाताने नीट तपासली, आणि शांतपणे तमालपत्राशेजारी ठेवून जेवण पुढे चालू केलं. नंतर ती नथ तिघींनी आपलीच म्हणून ओळखली, कारण तिघींनी ती एकाच साइटवरून, एकाच सेलमध्ये घेतली होती.

पाडव्याला तर विचारूच नका. डोंबिवलीला १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, मग गिरगाव, ठाणे, सगळीकडे. नऊवारी, फेटा, गॉगल आणि बुलेट. फेट्याखाली खोपा असतो की नाही हे कळत नाही. फेट्यावर हेल्मेट बसत नाही आणि वाहतूक पोलीस त्या दिवशी आकाशाकडे बघत असतात. मला त्या मुली आवडतात. कुठल्याच मालिकेत अशी नायिका नाही, म्हणजे निदान हा लूक कुणाची नक्कल नाही.

भाचीचं लग्न पार पडलं, खोपा उलगडायला दोन मैत्रिणी आणि खोबरेल तेल लागलं. आता धाकट्या भाचीचं ठरलंय. ती परवा आली ती थेट कपाटापाशी.

"मावशी, तुझ्या लग्नाचा अल्बम दे ना. आम्हाला पीरियड लूक करायचाय."

"कुठला पीरियड?"

"नाइन्टीज."

मी सांगितलं की तो पीरियड नाही, तो परवाचा आहे, त्यातलं गॅसचं कनेक्शन अजून चालू आहे. पण ती अल्बम घेऊन पार्लरात गेलीच, मलाही नेलं. फोटोत मी: कोपरापर्यंत फुग्याच्या बाह्या, मरून लिपस्टिक, शेवंतीची भलीमोठी वेणी आणि कपाळावर दोन्ही बाजूंनी एकेक वळलेली बट. पार्लरवालीने फोटो उजेडाला धरला. काशीबाईला, येसूबाईला तिने कधी असं निरखून पाहिलं नव्हतं.

"काकू, या बटा कशा काढल्या होत्या?"

"काढल्या नव्हत्या. मुहूर्ताला लाइट गेली, पंखे बंद पडले, त्या सुटल्या."

"सेम करून देते," ती म्हणाली आणि कर्लरचं बटण दाबलं.

भाचीने अल्बमचं पुढचं पान उलटलं. तिथे आमचे हे, पिस्ता रंगाच्या सफारीत, भरघोस मिशांसकट. नवऱ्या मुलाला तो सफारी हवाय, अस्सलच हवा, शिवलेला नको. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, असेल माळ्यावर, बघतो, आणि शिडी लावून वर गेले. तास झाला. वरून ट्रंक सरकवल्याचा आवाज येतोय, मधूनच शिट्टी, आणि आत्ताच विचारलं त्यांनी, "ऐक गं, मिशा पुन्हा वाढवल्या तर?"